काना दोनदा, पाय दोनदा : एका मेकॅनिकल कीबोर्डची उलटतपासणी

सदाशिव पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करतात. खरेदीखत, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, साठेखत, जे येईल ते. बँकेतून निवृत्त झाल्यावर विरंगुळा म्हणून धरलेलं हे काम आता नोकरीपेक्षा जास्त वेळ खातं. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता त्या कीबोर्ड काखेत मारून खाली आल्या. पेठेत दुपारी दोनला कुणी दार वाजवलं म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"अरे, ह्याला 'न्यायालय' लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या कामात दर पानावर दहा वेळा तोच शब्द. दुरुस्त होईल की भंगारात देऊ?"

तक्रार

काकू इनस्क्रिप्ट ह्या देवनागरी कळमांडणीत टाइप करतात. त्या मांडणीत 'न्यायालय' आठ कळांचा आहे: न, पाय मोड, य, काना, य, काना, ल, य. काना इंग्रजी ई-च्या कळीवर आणि अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह डी-च्या कळीवर. नेमक्या ह्याच दोन कळा कधीकधी एका दाबात दोनदा उमटत होत्या.

इंग्रजी लिहिणाऱ्याला हे तितकं छळत नाही. एक 'ई' जास्त पडला की खोडायचा, पुढे जायचं. देवनागरीत पाय दोनदा मोडला की जोडाक्षरच फुटतं आणि मधे ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. काना दोनदा पडला तर प्रोग्रॅम आणि फॉन्ट पाहून कुठे वर्तुळ दिसतं, कुठे दोन दांडे शेजारी उभे राहतात. बारीक टायपात तो दुसरा दांडा नजरेतून सुटतो. मग वकील फाइलमध्ये 'न्यायालय' शोधतो आणि अर्धेच सापडतात. काकूंचा संताप टायपिंगच्या कटकटीपेक्षा ह्या सुटलेल्या कान्यांवर जास्त होता.

कीबोर्ड मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला, ८७ कळांचा, डावी-उजवीकडे फालतू पसारा नसलेला, ५,५०० रुपयांचा. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण एका नगावरून कंपनीला फाशी देता येत नाही. वॉरंटी वर्षाची होती ती दिवाळीत संपली. घेताना भाच्यानं काकूंना सांगितलं होतं, "हातात घेऊन बघ, किती जड आहे! दणकट माल." ते वाक्य मी लक्षात ठेवलं होतं, पुढे तपासायला.

उघडण्याआधी

स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची घाई झालेली असते, पण आधी रोग पकडावा. दहा-बारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून मी प्रत्येक कळीचा दाब आणि सुटका मिलिसेकंदात नोंदवायला लावली आणि काकूंना त्यांचंच एक जुनं साठेखत पुन्हा टाइप करायला बसवलं. अर्ध्या तासाच्या नोंदीत ई आणि डी-चे दुसरे ठोके पहिल्यानंतर ८ ते ३० मिलिसेकंदांत पडलेले दिसले. बोट उचलून पुन्हा दाबायला माणसाला ह्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे काकूंचा हात निर्दोष.

कुठल्याही स्विचमध्ये धातूची दोन टोकं भेटतात तेव्हा क्षणभर थरथरतात. त्यामुळे कीबोर्डमधली चिप पहिल्या ठोक्यानंतर थोडा वेळ कानाडोळा करते. क्यूएमके ह्या मुक्त फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ही मुदत मुळात ५ मिलिसेकंदांची असते. ह्या कीबोर्डात ती बदलायची सोय नव्हती, आणि असती तरी ३० मिलिसेकंदांवर नेऊन ठेवणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं. इतकी लांब थरथर निरोगी सांध्यात होत नाही.

इथे मी एक संध्याकाळ फुकट घालवली. ई आणि डी कीबोर्डवर एकाखाली एक आहेत, आणि कीबोर्डची आतली जोडणी आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीची असते, म्हणून माझा संशय गेला सामायिक उभ्या ओळीवर. तसं असतं तर त्याखालची सी, म्हणजे 'म', सुद्धा अडखळायला हवी होती. 'मम मामा मामी' असली पानभर पहिलीची उजळणी मी स्वतः टाइप केली. 'म' एकदाही चुकला नाही.

स्विच सोल्डर न केलेले, सॉकेटमध्ये खोचायचे होते, हे नशीब. ई-चा स्विच चिमट्यानं उपसून पॉझच्या कळीत घातला, डी-चा स्क्रोल लॉकमध्ये, आणि तिथले दोन कधीच न वापरलेले स्विच ई आणि डी-मध्ये. ई-चा आजार स्विचबरोबर पॉझवर गेला. डी-चा गेला नाही. कोरा स्विच घालूनही डी दोनदाच उमटत राहिली. लक्षण एक आणि रोग दोन. एकाच वेळी आले म्हणून मी त्यांना भाऊ समजत होतो.

पंचनामा

आता उघडणं आलं. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली आणि एक 'काढल्यास वॉरंटी रद्द' ह्या स्टिकरखाली लपवलेला. बाकी सगळं प्लॅस्टिकच्या खाचांवर. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत एकेक खाच सोडवली. तरी मागच्या डाव्या कोपऱ्यातली एक माझ्या हातून मोडलीच. झाकण एकदम उचलायचं नाही, हे मात्र आधीच्या एका कीबोर्डनं शिकवलं होतं: यूएसबीचं तोंड छोट्या वेगळ्या पट्टीवर असतं आणि ती चार बारीक तारांनी मुख्य बोर्डाला जोडलेली असते. झटका दिला की तारा हातात.

तळाचं प्लॅस्टिक उलटं केलं आणि भाच्याच्या वाक्याचा उलगडा झाला. आत तीन स्क्रूंनी आवळलेली पोलादाची पट्टी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर २८० ग्रॅम. अख्खा कीबोर्ड १,०५० ग्रॅमचा. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त 'दणकटपणा' ह्या मुक्या पट्टीचा, जिच्यातून ना वीज जाते ना कुठला भाग तिच्यावर टेकतो. मी ती बाजूला काढली आणि वहीत 'निव्वळ दिखावा' असं लिहिलं.

पट्टी बाजूला ठेवली तर माल खराब नव्हता. पीसीबी, म्हणजे सगळे भाग जिच्यावर डागलेले असतात ती पाटी, काचतंतू-इपॉक्सीची, नेहमीची १.६ मिलिमीटर जाडीची. स्वस्त रिमोटमध्ये मिळते तशी तपकिरी पुठ्ठ्याची नव्हे. प्रत्येक कळीमागे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा स्वतःचा डायोड, म्हणून कितीही कळा एकत्र दाबल्या तरी भलतीच कळ उमटत नव्हती. यंत्रानं केलेलं सोल्डर चकचकीत. यूएसबीच्या तोंडाचे चार पाय मात्र हातानं डागलेले आणि भोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट पकडावं म्हणून लावतात त्या रसायनाचा, चिकट तपकिरी थर तसाच सोडलेला. ओंगळ दिसत होतं, पण पक्कं होतं. मी तोंड धरून हलवलं, जागचं हललं नाही.

त्याच तोंडापाशी काकूंच्या आणखी एका तक्रारीचं उत्तर मिळालं. नव्या लॅपटॉपला सगळी टाइप-सी तोंडं, आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं हा कीबोर्ड सुरूच होत नसे. जुनी केबल आणि अडॅप्टर जोडला की बिनतक्रार चाले. त्याचं कारण असं: सी-टू-सी केबलमध्ये समोर कुणीतरी वीज मागतंय हे लॅपटॉपला कळावं म्हणून उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. यूएसबीच्या छोट्या पट्टीवर त्या दोघांच्या जागा छापलेल्या होत्या, रेझिस्टर मात्र बसवलेलेच नव्हते. अख्ख्या कीबोर्डात ह्याहून स्वस्त भाग सापडायचा नाही. मापाचे दोन रेझिस्टर डब्यात पडलेले होते, ते लावून टाकले.

मग प्लेट. स्विच ज्या पत्र्यात खटकन बसतात तो पत्रा. चेरी एमएक्स ह्या प्रचलित पद्धतीच्या स्विचच्या कुशीतले हूक १.५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला पकडतील असे बनवलेले असतात, आणि त्यात १४ मिलिमीटरची चौकोनी भोकं असतात. भोकं मापात होती. पत्र्याला व्हर्निअर लावला तर १.२. मी पुसून पुन्हा लावला, दुसऱ्या टोकाला लावला. १.२. भोकांच्या कापलेल्या कडांवर तांबूस ठिपकेही होते, ती एका पावसाळ्याची कमाई, पण गंज ही इथली बातमी नव्हती. बातमी होती ते ०.३ मिलिमीटर. एखादा स्विच बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवला की तो किंचित डुलायचा. कीकॅप, म्हणजे कळीवरची अक्षराची टोपी, उपटताना कधीकधी स्विचही बरोबर यायचा, असं काकूंनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं होतं हे असंच असतं.

आरोपी पहिला

ई-चा स्विच उघडला. त्यात असतं काय तर वरचं टोपण, खालची वाटी, मधला दांडा, स्प्रिंग आणि तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पाती. दांडा खाली गेला की पाती मोकळी होऊन समोरच्या टोकाला टेकते. भिंगातून पाहिलं तर त्या टेकायच्या जागेवर काळपट लापशी. कारखान्यात दांडा गुळगुळीत सरकावा म्हणून लावलेलं ग्रीस ओघळून पातीवर आलेलं, आणि त्यात धूळ कालवली गेलेली.

धूळ कुठली, हे वर जाऊन पाहिलं. काकूंचं टेबल देवघराला लागून. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, आणि खिडकीतून लक्ष्मी रस्त्याची रहदारी. राख कुठली आणि रस्ता कुठला हे भिंगाखाली वेगळं करता येत नाही. पण पॉझच्या स्विचमध्ये ग्रीस तेवढंच ओघळलेलं होतं आणि लापशी नव्हती. फरक वापराचा. दर दाबाला वरची हवा आत ओढली जाते. मराठीत सगळ्यात जास्त दाब खाणारं चिन्ह काना. काकूंच्याच फाइलींत मोजून पाहिलं तर त्याच्या आसपासही कुणी नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाती धुतली, स्विच पुन्हा जुळवला, आणि पॉझच्या कळीवर तो एकदाही दोनदा उमटला नाही.

आरोपी दुसरा

डी-चा गुन्हा बोर्डाच्या पाठीमागे होता. खोचायच्या स्विचची सॉकेटं पीसीबीच्या खालच्या बाजूला केवळ दोन सोल्डरच्या थेंबांवर चिकटलेली असतात, पाठीला टेकू काही नाही. म्हणून तर स्विच खोचताना मागून बोट लावून धरावं लागतं. डी-च्या सॉकेटच्या एका थेंबाभोवती केसासारख्या बारीक भेगेची कडी दिसली. सुईनं सॉकेट हळूच ढकललं तर थेंब एका बाजूनं उचलला गेला आणि मल्टिमीटरची, जोडणी अखंड असेल तोवर वाजणारी, शिट्टी तुटली. सोडलं की पुन्हा वाजायची.

उरलेली सगळी सॉकेटं मग एकेक करून भिंगाखाली पाहिली. डोळे आणि मान दोन्ही गेली. आणखी एकच तसली कडी सापडली, जे-च्या कळीवर. इनस्क्रिप्टमध्ये जे म्हणजे 'र'.

दोन भेगांवरून सिद्धांत मांडायला मी कचरतो, पण धागा असा जुळतो. पत्रा पातळ, म्हणून स्विच डुलतो. स्विच तीन पायांचे, म्हणजे मधला खुंटा आणि धातूच्या दोन पिना. त्यामुळे डुलण्याचा भार पिनांवाटे थेट सॉकेटवर आणि तिथून त्या दोन थेंबांवर. आणि बोर्डात पाच पायांच्या स्विचसाठी लागणारी जास्तीची दोन भोकं पाडलेली होती! पाच पायांच्या स्विचला प्लॅस्टिकचे दोन खुंटे जास्त असतात, ते बोर्डात रुतून डुलणं थांबवतात. आराखडा करणाऱ्यानं सोय ठेवली होती, खरेदी करणाऱ्यानं तीन पायांचा माल आणला. रेझिस्टरच्या रिकाम्या जागांची गोष्ट अगदी हीच.

उरला एक दुवा: १४ महिन्यांत थेंब फुटेपर्यंत दाबणार कोण? ते मी काकूंना टाइप करताना पाहिलं तेव्हा समजलं. त्या टाइपिंग शिकल्या गोदरेजच्या टाइपरायटरवर. तिथे कळ तळापर्यंत हाणली नाही तर अक्षर कागदावर फिकं उठतं. मांडणी बदलली, हात तोच राहिला. एमएक्स पद्धतीचा स्विच ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. पुढचं सगळं हाणणं पत्र्यावर आणि बोर्डावर आदळतं. खालच्या मजल्यावर मला रात्री अकराला जे ऐकू येतं ते हेच.

"म्हणजे चूक माझी?" काकूंनी विचारलं.

"तुमची कशी? टाइप करायला दिलेली वस्तू टाइप केल्यानं मोडली."

"हां. मग तसं लिहून दे."

हेच ते लिहून देतोय. हाच कीबोर्ड इंग्रजीत कोड लिहिणाऱ्या हलक्या हाताच्या पोराकडे चार वर्षं सुखानं चालला असता आणि त्यानं त्याला पाच तारे दिले असते. मार काना आणि पायमोडीवर एकवटला, हात टाइपरायटरचा मिळाला, आणि ०.३ मिलिमीटरची काटकसर उघडी पडली.

कीकॅपचा किरकोळ खटला

पेटीवर लिहिलं होतं सगळ्या कीकॅप पीबीटीच्या. एबीएस प्लॅस्टिक वापरानं तुकतुकीत होतं, पीबीटी सहसा होत नाही, म्हणून तो मोठेपणा. हे घरात तपासता येतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात एबीएस तरंगतं आणि पीबीटी तरीही बुडतं.

"माझ्या वरणाच्या पातेल्यात हे असलं काही घालायचं नाही," असं बजावून काकूंनी जुनं प्लॅस्टिकचं घमेलं दिलं. कीकॅप उताण्या करून, आतले हवेचे बुडबुडे काडीनं काढून सोडल्या. सगळ्या तळाला. स्पेसबार मात्र कात्रजच्या तळ्यातल्या होडीसारखा ऐटीत तरंगत राहिला. ही फसवणूक मानायला मी तयार नाही: पीबीटीची लांब पट्टी साच्यातून निघताना वाकते, म्हणून पुष्कळ उत्पादक स्पेसबार एबीएसचा देतात. पेटीवर 'सगळ्या' लिहायला नको होतं, एवढंच. त्या स्पेसबारची पत्र्याच्या डब्यासारखी खडखड आतल्या तारेला ग्रीस लावल्यावर थांबली.

दुरुस्ती

सोल्डर, विक (जुनं सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) आणि अल्कोहोलची नवी बाटली बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंतच्या फेरीत मिळालं. पाच पायांचे स्विच तिथे मिळाले नाहीत. एका दुकानदारानं "कीबोर्ड तर दोनशेला नवा मिळतो की," असं म्हणून मला वेड्यात काढलं. ते ऑनलाइन मागवले, २० नग.

डी आणि जे-च्या सॉकेटांना फ्लक्स लावून ३५० अंशांवर नवं सोल्डर दिलं. मग २० जास्त चालणाऱ्या कळांना पाच पायांचे स्विच. कुठल्या २० हे काकूंच्या फाइलींतल्या मोजणीवरून ठरवलं. बाजारात सरावाच्या हातांसाठी म्हणून इंग्रजी अक्षरांची जी यादी चालते ती इथे निरुपयोगी; आमच्या यादीत काना, पायमोड, वेलांट्या, अनुस्वार, र, त, य, क वगैरे. नव्या स्विचांचं डुलणं बोटाला जाणवेल इतकं कमी झालं. पत्रा तोच राहिला, त्याला इलाज नाही. माझ्या हातून मोडलेली खाच सुपरग्लूनं सांधली आणि पोलादी पट्टी बाहेर ठेवून कीबोर्ड बंद केला.

चौथ्या दिवशी काकू पुन्हा दारात. काना बरोबर, पाय बरोबर, खडखड नाही. "पण हा टेबलावरून पळतो रे. मी टाइप करते आणि हा भिंतीकडे सरकतो. दर परिच्छेदाला ओढून आणावा लागतो."

त्यांच्या हाताला तो वजनाचा लोखंडी तुकडा हवा होता. वहीतली 'निव्वळ दिखावा' ही ओळ मी खोडली, तीन स्क्रू पुन्हा आवळले. आता कीबोर्ड जागचा हलत नाही.

तीन आठवड्यांच्या नोंदीत ई, डी आणि जे-चा एकही जादा ठोका नाही. एस-ची कळ, म्हणजे मात्रा, दोनदा दुहेरी उमटली. तिच्यात पाच पायांचा नवा स्विच घातला होता, म्हणजे सॉकेट पाहायला हवं. काकूंच्या हातात सध्या एक ९० पानी वाटणीपत्र आहे. ते संपेपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही असा निरोप आलाय.